निरीक्षणाच्या तासाची बाकवार योजना

हडपसर, पुणे
रविवार, दुपार

आदरणीय रावसाहेब भाऊजी यांस,

सुखदेवचा सविनय जयभीम. आपली साखर ताब्यात असेल आणि सकाळचे फिरणे चालू असेल असे धरून हे पत्र लिहितो आहे. (ताई फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते, पण आपण शिडीवरून पडलात तेव्हाही ती "सगळं ठीक आहे" असेच म्हणाली होती, म्हणून आपणच कळवावे.) ताईच्या गुडघ्यांचेही कळवावे. इकडे शालन बरी आहे. चेतन वर्कशॉप सांभाळतो आहे. काम चोख करतो, पण हत्यार वापरले की जिथे असेल तिथे ठेवून देतो, आणि त्यावर मी काही बोललो की "बाबा, तुम्ही आता प्रोफेसर आहात ना" असे म्हणतो. हे तो आदराने म्हणतो की कसे, याचा उलगडा अजून झालेला नाही.

फोन असताना पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. कारण साधे आहे. आपण फोन स्पीकरवर टाकून ओसरीवर ठेवता, आणि मग मी जे बोलतो ते पुलगावातली आपली सबंध गल्ली ऐकते. मागे माझ्या मूळव्याधीवर समोरच्या मुनघाटे काकूंनी मधूनच उपाय सांगितला होता. उपाय गुणकारी निघाला, पण मी तो त्यांना विचारलेला नव्हता. प्रस्तुत विषय त्याहून नाजूक असल्याने लिहून पाठवतो आहे. वाचून झाल्यावर पत्र ताईला दाखवायला हरकत नाही, मात्र ओसरीवर वाचू नये.

गेल्या जूनपासून मी खराडीच्या पलीकडच्या एका खाजगी विद्यापीठात शिकवतो, हे आपल्याला माहीत आहे. (विद्यापीठाचे नाव लिहीत नाही. आमच्याकडे ते कुठेही लिहायचे झाल्यास जनसंपर्क विभागाची परवानगी लागते, आणि नात्यातल्या पत्राला ती लागते की नाही हे नियमात स्पष्ट नाही.) आपण तेव्हा विचारले होते की पदवी नसताना प्राध्यापक कसा. तर 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' नावाची जागा असते, तिला पदवी लागत नाही, उद्योगातला अनुभव लागतो. तो माझ्यापाशी आहे. दहावीनंतर पुलगाव सोडले तेव्हापासून मी हडपसरच्या कारखान्यांत आहे, आणि मोजमाप हा विषय मी कॅटलॉग वाचून आणि लोखंड खराब करून स्वतः शिकलो. मला कोणी शिकवले नाही, त्यामुळे चुकीचेही कोणी शिकवले नाही. आमच्या बाबांची इच्छा होती की घरात एक मास्तर व्हावा. ताईचे आपल्याशी लग्न लावून त्यांनी ती जावयाकडून भागवून घेतली, पण मुलाच्या बाजूची जागा रिकामी राहिली होती. ती भरली म्हणून मी दारावर 'प्रा. सुखदेव थूल' अशी पितळी पाटी लावली. अक्षरे कोरलेली आहेत, चिकटवलेली नाहीत.

परंतु ही जागा पहिले वर्ष परिविक्षेवर असते, हे मी आपल्याला तेव्हा सांगितले नव्हते (आपण विचारले नव्हते). वर्षाच्या आत विद्यापीठाच्या 'अध्यापनाच्या व्यावसायिक मानकां'नुसार आपला एक तास तपासला जातो. त्यात 'सक्षम' हा शेरा मिळाला तर नेमणूक कायम, नाही तर मे महिन्यात आभार मानून निरोप. मग पाटी काढावी लागेल, आणि दार सागवानी आहे, त्यात पाडलेली भोके बुजवली तरी दिसतातच.

या मानकांचे एक पुस्तक आहे आणि त्यावर पाच दिवसांची कार्यशाळाही असते. ती अध्यापक विकास केंद्राच्या पूर्वा मॅडम घेतात. वयाने आपल्या धाकटीएवढ्या असतील, बोलायला अत्यंत गोड, आणि कुठल्याही प्रश्नाचे उत्तर देण्याआधी "तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" असे विचारतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सर्वांना कागद आणि रंग देऊन आपला अध्यापनाचा प्रवास नदीच्या रूपात काढायला सांगितला. मी माझी नदी प्रमाणात काढली. बाकीच्यांच्या नद्या सर्रास चढावर वाहत होत्या, त्यांतले दोघे तर स्थापत्य अभियांत्रिकीचे होते. चूक दाखवून दिली तर पूर्वा मॅडम म्हणाल्या की ही नदी मनातली आहे. मी म्हणालो, मनातली असली तरी पाण्याचीच असणार ना. त्यानंतर चहाची सुट्टी झाली.

पुस्तक मात्र मला आवडले. खोटे कशाला सांगू, शिकवण्यालाही काही मानक असते हे वाचून बरे वाटले. आमच्या धंद्यात सुट्या भागाच्या नकाशावर प्रत्येक मापाशेजारी लिहिलेले असते की इतके कमी किंवा इतके जास्त चालेल, त्यापलीकडे माल परत. इथेही तसेच असणार असे धरून मी विचारले की 'विद्यार्थ्यांचा पुरेसा सहभाग' यातले पुरेसा म्हणजे किती, आणि कमी-जास्त किती चालेल. मॅडम म्हणाल्या, "सर, ते फील होतं." भाऊजी, माझ्या वर्कशॉपमध्ये जे नुसते फील होते ते आम्ही भंगारात टाकतो. पण मी वाद घातला नाही. पुस्तकात चार गोष्टी स्पष्ट होत्या: विद्यार्थ्यांनी शंका विचारावी, चुकीच्या उत्तराचा शिकवण्यासाठी उपयोग व्हावा, विद्यार्थ्यांनी एकमेकांना दुरुस्त करावे, आणि मागे पडणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिक्षकाने व्यक्तिगत लक्ष द्यावे. या चार गोष्टी मला पुरेशा होत्या.

आता इथली एक रीत सांगतो. आमच्या स्टाफरूममध्ये अनिरुद्ध सर म्हणून आहेत, पीएचडी, माझ्या शेजारचे टेबल. ते मला म्हणाले, "थूल सर, टेन्शन घेऊ नका. निरीक्षण म्हटलं की पोरांना आधी सांगून ठेवायचं. दोन प्रश्न वाटून द्यायचे, एकाला शंका, एकाला उत्तर. मॅडमना पण माहितीये. सगळेच करतात." हे ऐकून मला प्रथम धक्का बसला आणि नंतर वाईट वाटले. धक्का याचा, की असे करतात. वाईट याचे, की सगळेच करत असूनही नीट कोणीच करत नाही. दोन प्रश्न वाटून काय होते? कोण कधी बोलणार हे ठरलेले नाही, आधी काय आणि मागाहून काय याचा पत्ता नाही, आणि याला हे लोक तयारी म्हणतात.

मी ते काम कामासारखे केले. वर्गाचा आराखडा काढला आणि प्रत्येक बाकाला काम नेमून दिले. (विद्यार्थ्यांना नावानिशी का नेमले नाही, असे आपण विचाराल. एक तर सगळी नावे माझ्या ध्यानात राहत नाहीत. दुसरे म्हणजे कारखान्यात काम मशीनला नेमतात, माणसाला नाही. माणूस रजेवर जातो, मशीन जात नाही.) विषय घेतला मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाहून बारीक फरक दाखवणारे ते हातात धरायचे माप, आपण एकदा वर्कशॉपवर आला होतात तेव्हा आपण त्याने सुपारी फोडता येईल का असे विचारले होते, तेच. खिडकीकडच्या रांगेतल्या दुसऱ्या बाकाने शंका विचारायची. तिसऱ्याने चुकीचे उत्तर द्यायचे, की मायक्रोमीटर जितका घट्ट आवळाल तितके माप अचूक. चौथ्याने उठून त्याला दुरुस्त करायचे, की नाही, टिकटिक आवाज आला की थांबायचे. आणि पाचव्याने गप्प बसून मागे पडायचे, म्हणजे मला तिथे जाऊन व्यक्तिगत लक्ष देता येईल.

विद्यार्थ्यांनी सहकार्य केले, पण कटकट झाली. दुसऱ्या बाकावर सोनाली म्हणून मुलगी बसते, तिची तक्रार नव्हती. तिसऱ्यावर माऊली. तो म्हणाला, "सर, राँग आन्सर मीच का? पूर्ण क्लाससमोर पोपट होईल ना माझा." मी म्हणालो, तू चुकीचे देणार नाहीस, तुझा बाक देणार आहे. हे त्याला पटले नाही, पण समजले. चौथ्यावर समर्थ, वर्गात पहिला येणारा, तो खूश होता. आम्ही दोनदा सराव केला. दुसऱ्या सरावाला तर माऊली इतका अस्सल चुकला की मला त्याच्याबद्दल आशा वाटू लागली. जाताना मी सर्वांना बजावले: तुम्ही कुठेही बसा, ज्या बाकावर बसाल त्या बाकाचे काम तुमचे. माणूस बदलला तरी काम बदलत नाही.

निरीक्षणाच्या दिवशी मी मॅडमसाठी शेवटच्या भिंतीशी खुर्ची ठेवली होती, वर उशी, शेजारी पाण्याची बाटली. मॅडम आल्या, खुर्चीकडे पाहून हसल्या, म्हणाल्या, "मागून मला मुलांचे चेहरे दिसत नाहीत सर," आणि सरळ खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. सोनाली उठून तिसऱ्यावर गेली. तिसऱ्यावरचा माऊली चौथ्यावर गेला. चौथ्यावरचा समर्थ पाचव्यावर गेला. पाचव्यावरचा जो होता तो कुठे गेला कोण जाणे, पण तासभर त्याच्या चेहऱ्यावर मोठा आनंद होता.

मला तेव्हाच थांबायला हवे होते. पण तास सुरू झाला होता, आणि सुरू झालेले मशीन मध्येच बंद केले की माल वाया जातो. ठरलेल्या जागी मी थांबलो आणि हात पुढे करून दुसऱ्या बाकाला म्हणालो, "हं, बोल, काय शंका आहे तुला?" समोर पूर्वा मॅडम. त्यांनी मागे वळून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "मला?" मी 'नाही' म्हणायला हवे होते. मी 'हो' म्हणालो. त्या म्हणाल्या, "तूर्तास काही नाही, सर." म्हणजे शंका गेली. ती धरून पुढचा प्रश्न होता, तो मी तसाच विचारला. तिसरा बाक उठला, म्हणजे सोनाली, आणि तिने आज्ञेप्रमाणे चुकीचे उत्तर दिले. अडचण अशी की या मुलीला चुकता येत नाही. तिने चुकीचे उत्तर कारणांसकट दिले: घट्ट आवळले की मधली धूळ दाबली जाते, हवेला जागा राहत नाही, हात हलला तरी माप हलत नाही. अर्ध्या वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. मी चौथ्या बाकाकडे पाहिले. माऊली उठला. त्याला बरोबर उत्तर माहीत नव्हते, कारण ते त्याचे काम कधीच नव्हते. तो सोनालीकडे बघत म्हणाला, "सर, हिचं बरोबर वाटतंय."

यानंतर व्यक्तिगत लक्ष. मी पाचव्या बाकापाशी गेलो, खाली वाकलो, आणि वर्गात पहिल्या येणाऱ्या समर्थला सावकाश, एक-एक शब्द सुटा करून, मायक्रोमीटर कोणत्या हातात धरतात ते सांगितले. त्याने मान डोलावली. डोळ्यांत पाणी होते. ते हसू दाबल्याचे होते की अपमानाचे, हे मी ठरवू शकलो नाही, पण पाठीवर हात ठेवून "जमेल हळूहळू" एवढे म्हणालो, कारण ते ठरलेले होते.

या किरकोळ तांत्रिक अडचणी सोडल्या तर तास समाधानकारक झाला. शेवटी पूर्वा मॅडमनी सोनालीला विचारले की तुला स्वतःला खरेच काही विचारायचे आहे का. तिने मापाच्या तापमानाविषयी काहीतरी विचारले, पण तेवढ्यात वेळ संपली, म्हणून उत्तर द्यायचे राहिले. नंतर मॅडमच्या खोलीत चर्चा झाली. त्या म्हणाल्या, "सर, इतकं प्लॅनिंग मी आजवर पाहिलं नाही. फक्त यात मुलं कुठे आहेत?" मी आराखड्यावर बोट ठेवून दाखवली. त्यांनी आराखडा उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. त्यावरून त्यांचे समाधान झाले असावे. शेरा त्यांनी 'पुनर्निरीक्षण' असा दिला आहे, म्हणजे हा तास त्यांना पुन्हा पाहायचा आहे. कधी येणार ते या वेळी सांगणार नाहीत.

असो. आपण प्रकृतीला जपावे. भाकरी बंद करून पोळी खाल्ल्याने साखर वाढते, हे मी मागेही सांगितले होते. ताईला जयभीम. शालन आपल्या दोघांची आठवण काढते.

आपला,
सुखदेव

ता. क. १: ताईच्या गुडघ्यांसाठी स्वारगेटजवळ एक चांगले डॉक्टर आहेत. पुढच्या आठवड्यात आपण दोघे आठ-दहा दिवसांसाठी यावे. रात्रीची बस स्वारगेटला सकाळी पोहोचते, मी न्यायला उभा राहीन. मुनघाटे काकूंना गुडघ्यांचे कारण सांगायला हरकत नाही.

ता. क. २: गुडघे आहेतच, पण आलात की एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसावे. मॅडमनी सुचवले आहे की पुनर्निरीक्षणाआधी बाहेरच्या एखाद्या अनुभवी शिक्षकाला तास दाखवा आणि तो जे सांगेल ते ऐकून घ्या. मी पुष्कळ विचार केला. चुका काढण्यात आपल्याइतका अनुभवी माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत आपण ज्या चुका काढल्या होत्यात त्या मी विसरलेलो नाही, परंतु हे मी तक्रार म्हणून लिहीत नसून पात्रता म्हणून लिहितो आहे. कुठे बसायचे ते आपण ठरवा. बाकांना आता काही काम नाही.

ता. क. ३: वेळ संपली होती, असे वर लिहिले आहे. वेळ संपली नव्हती. सोनालीने विचारले, "सर, सगळी मापं वीस अंश तापमानाला खरी धरायची असं तुम्ही सांगितलंत. पण वीसच का? इथे मेमध्ये तर चाळीस असतं. हे वीस कोणी ठरवलं?" भाऊजी, हा नियम मी इतकी वर्षे पाळतो आहे, चेतनलाही पाळायला लावतो, आणि वीसच का हे मला कधी विचारावेसे वाटले नाही. मी तिला म्हणालो, "हा प्रश्न आपल्या योजनेत नाही." मॅडमनी ते वाक्य लिहून घेतले. मला त्याचे एवढे काही नाही. पण त्या दिवसापासून ती मुलगी शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि काहीच विचारत नाही, आणि मी फळ्याकडे तोंड करून लिहीत असलो तरी ते मला कळते.

उत्तर मी शोधतो आहे, मिळेलही. पण मॅडम म्हणतात की उत्तर राहू द्या, आधी वर्गाला सांगा की तुम्हाला माहीत नाही, मग सगळे मिळून शोधा. तेवढेच मला जमेना. आपण निवृत्त होईपर्यंत शिकवलेत, तेव्हा हे आपण केव्हा तरी केलेच असणार. 'मला माहीत नाही' हे वर्गात कसे म्हणतात, ते आल्यावर मला दाखवावे. उभ्यानेच म्हणायचे असते का, मुलांकडे पाहायचे की वहीकडे, आणि म्हणून झाल्यावर हातांचे काय करायचे? घरी आरशासमोर म्हणून पाहिले. शालन दारात उभी होती. ती म्हणाली, "शब्द बरोबर येतायत, पण तुम्ही ते सांगताय असं वाटत नाही, शिकवताय असं वाटतं."